लाईट संपल्या, फेऱ्या संपल्या नाहीत

आपल्याकडं रेडिएशनला 'लाईट' म्हणतात. माझ्या चुलत्यांना, तात्यांना, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सहा आठवड्यांत तीस लाईट बसल्या. शेवटच्या दिवशी घरात पेढे आले. भावकीत बातमी झाली, "तात्या सुटले!" हातात पडलेल्या कार्डावर इंग्रजीत एकच ओळ होती: तीन महिन्यांनी दाखवणे. का, ते कुणी सांगितलं नाही. ऊसतोडीच्या गडबडीत ती ओळ मागंच पडायची, पण काकूंनी कालनिर्णयवर तारखेला गोल केला आणि फेरी चुकू दिली नाही.

त्या फेरीला डॉक्टरांनी जे समजावलं, ते शाहूवाडीतल्या प्रत्येक घराला माहीत पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

हा आजार उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीटी स्कॅन, पुढं पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, असा साधारण हिशोब असतो. कुणाला किती लवकर बोलवायचं ते डॉक्टर ठरवतात.

दुसरी गोष्ट, लाईटनं फुप्फुसाला सूज येते. पहिल्या सहा महिन्यांत खोकला, धाप लागू शकते आणि त्यावर वेगळं औषध असतं. नंतर तिथं वण राहतो. स्कॅनमध्ये वण आणि परत आलेली गाठ सारखीच दिसू शकते. एका फोटोवरून कळत नाही, जुना आणि नवा शेजारी ठेवूनच कळतं. त्यामुळं जुन्या फिल्म, सीडी, फाईल माळ्यावर टाकू नका. प्रत्येक फेरीला सोबत न्या.

आजार कुणाचा उलटेल याचा अंदाज डॉक्टर स्टेज, गाठीचा आकार, आजार लसिकाग्रंथींपर्यंत गेलाय का, यावरून बांधतात. आता संगणकही मदतीला आलाय. लंडनच्या रॉयल मार्सडन हॉस्पिटलच्या संशोधकांनी 2022 मध्ये लाईट घेतलेल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून असा अंदाज बांधता येतो हे दाखवलं. चांगलंच आहे. पण उद्या संगणकानं सांगितलं, "या माणसाला धोका जास्त," तरी गजापूरच्या नाहीतर उदगिरीच्या माणसाला आधी मलकापूर गाठायचं, मग कोल्हापूर. तेही पावसाळ्यात, एक दिवसाची मजुरी बुडवून. अंदाज कितीही अचूक असू दे, माणूस स्कॅनपर्यंत पोचला नाही तर त्याचा उपयोग काय?

मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के. ही सवलत उपचारासारखीच पुढच्या चेकअपलाही चालते. ठरलेल्या फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का घ्या.

आणि तारखेची वाट बघू नये अशी लक्षणं: थुंकीत रक्त, वाढत जाणारा खोकला किंवा धाप, घटणारं वजन, एकाच जागी हाड दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, हातापायातली ताकद जाणं. टीबीची तपासणी जरूर करा, पण कॅन्सरच्या डॉक्टरलाही कळवा. नुसत्या खोकल्याच्या बाटल्यांवर महिने काढू नका.

आशाताई घरोघरी येतात, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधायला माहिती घेतात. मोठं काम आहे ते. त्याच वहीत अजून एक पान जोडावं, एवढीच तालुका आरोग्य विभागाकडं मागणी आहे: गावात कॅन्सरचा उपचार पूर्ण झालेले कोण, त्यांची पुढची तारीख कोणती. तारखेच्या आठवडाभर आधी एक फोन. आणि कार्डावरची ती ओळ मराठीत, कारणासकट. याला नवीन मशीन लागत नाही. या कामाचं मानधन मात्र आशाताईंना वेगळं मिळालं पाहिजे.

तात्यांची पुढची फेरी श्रावणात आहे. तुमच्या घरात, वाडीत कुणी लाईट घेऊन आलं असेल, तर आज जाऊन एवढंच विचारा, "पुढची तारीख कधी हाय?"