वाटेतच लागलं अमेरिकेचं दार

धाकटीला दिवस गेले आणि न्यू जर्सीहून ‘आई, तू येच’ म्हणून फोन सुरू झाले. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीला जोडून शाळेतून थोडी रजा घेतली नि मी सोबत निघाले. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई आणि पुढे अबूधाबीत विमान बदलून न्यूयॉर्क.

अबूधाबीत नुसतं बसून राहायचं, अशी माझी समजूत. विमानतळाबाहेर पडायचं नसल्यानं तिथला व्हिसाही नको होता. पण २०१४ सालापासून अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी तिथेच बसतात. बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न सारं तिथेच. एकदा तिथून सुटलं की न्यूयॉर्कला देशातल्या देशात आल्यासारखं सरळ बाहेर पडायचं. लंडन किंवा दुबईमार्गे गेलात, तर हेच सोपस्कार अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथे होतात. पुढचं विमान गाठायचं असलं तरी रांग चुकत नाही, सामानही तिथे उतरवून घ्यावं लागतं.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असं नव्हे, हे ऐकून होते. शेवटचा निर्णय त्या खिडकीतल्या माणसाचा. नको म्हणाला, तर तिथूनच माघारी! त्या भीतीपोटी मी आईकडून घोकून घेतलं होतं : “फिरायला चाललोय म्हणायचं. बाळंतपणाचं नाव काढायचं नाही.” शेजारणीनं तसं बजावलं होतं ना!

अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाकडे चाललात? त्यातला ‘डॉटर’ तेवढा आईला कळला. तिनं हसून हातानं मोठं पोट दाखवलं नि लगेच पाळणा हलवला! माझ्या पोटात गोळा आला.

“तिथं काम करणार? पगार घेणार?” त्यानं मला विचारलं. मी आईला सांगितलं.

“लेकीकडनं कुणी पैसं घेतंय व्हय?” आई म्हणाली.

तेच मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आईचं तीन महिन्यांनंतरचं परतीचं तिकीट आणि बहिणीचं पत्र पुढे ठेवलं. त्यानं ते वाचलं, आणखी दोन प्रश्न केले आणि पासपोर्ट परत दिले. मी शिकवलेलं खोटं आईनं म्हटलं असतं आणि पुढच्या प्रश्नाला अडखळली असती तर? वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवते, त्या मलाच तिथे शरम वाटली.

मैत्रिणींनो, आईला पाठवाल तेव्हा उत्तरं घोकून घेऊ नका. जे खरं आहे तेच कसं सांगायचं, एवढं समजावा. मुलीचा पत्ता, फोन, पत्र, परतीचं तिकीट नि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत द्या, मोठ्या बॅगेत नकोत. मांस, ताजी फळं, कढीपत्ता नेऊ नका. डिंकाचे लाडू, चटणी, जे काही खायचं असेल ते विचारल्यावर सांगून टाका. लपवलं तर दंड होतो.

आमचे लाडू सुखरूप पोचले. नातही!