उद्या गुंडाळायच्या भिंती

गळ्यात साखळी घातलेल्या मजनूला एक म्हातारी लैलाच्या तंबूशी घेऊन आली आहे. पोरं त्याला दगड मारताहेत, मागे शेळ्यामेंढ्या आपल्याच नादात. तब्रीझमध्ये इराणच्या शाह तहमास्पसाठी १५३९ ते १५४३ या काळात सिद्ध झालेल्या कवी निजामीच्या ‘खमसा’ या पाच काव्यांच्या पोथीतलं हे चित्र मीर सय्यद अलीचं मानतात. मजनूपर्यंत माझी नजर उशिरा पोचते. आधी ती तंबूंवरच रेंगाळते.

गोष्ट अरबस्तानातली. तिथल्या भटक्या बदूंचे तंबू शेळीच्या काळ्या केसांचे. चित्रकारानं मात्र वाळवंटात इराणी दरबाराचे डेरे ठोकले आहेत, वेलबुट्टीनं भरलेले. कापड वळतं, पण नक्षी कुठेच मुडपत नाही. पोथीच्या पानावर असावी तशी ती सपाट, सबंध दिसते.

एवढी कलाकुसर कशावर, तर सकाळी मेखा उपटून उंटावर लादायच्या कापडावर! भाड्याच्या घरात मी भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही; सजावट कायमच्या घरासाठी राखून ठेवतो. डेऱ्यांत राहणाऱ्या राजांचा हिशोब उलटा होता. मोगल दरबारचा इतिहासकार अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलंय, की बादशहा अकबराची छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. राज्य चालतं-फिरतं, म्हणून भिंतीही फिरत्या. आणि राजा राहतो तिथे शोभा हवीच.

ग्रंथही त्याच लवाजम्यातले. राज्य गमावलेला अकबराचा बाप हुमायून इराणात गेला, तिथली चित्रकला पाहून लोभावला. १५४९मध्ये हाच मीर सय्यद अली त्याच्याकडे काबूलला आला. किबचाकच्या लढाईत हुमायूनच्या ग्रंथांच्या पेट्या हरवल्या. पुढे त्या सापडल्या, त्या वाली नसलेल्या उंटांच्या पाठीवर, असं अबुल फजल सांगतो. डेऱ्यांचं नशीब एवढं बळकट नव्हतं. ऊन, पाऊस, कसर यांनी बहुतेक कापड खाल्लं. जे रेशीम ऐश्वर्य मिरवायला विणलं ते गेलं, आणि त्याची कागदावरची नक्कल उरली.

म्हणून काही ती सजावट वाया गेली असं मला वाटत नाही. ज्यांनी त्या डेऱ्यांत रात्र काढली, त्यांच्यासाठी ती त्या रात्रीपुरती पुरी होती. स्थिरस्थावर होईपर्यंत थांबायचं तर हुमायूननं किती थांबायचं? १५५५मध्ये दिल्ली परत मिळाली; पुढच्याच जानेवारीत तो ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. पक्क्या दगडाचं, कायमचं घर त्याला मिळालं खरं, पण ती त्याची कबर होती.