बाबांचं हेल्मेट

गेल्या शनिवारी सकाळी बाबांनी खालून हाक मारली, "अरे, माझं हेल्मेट कुठे ठेवलंस?" हे वाक्य आमच्या घरात कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि ते ऐकून मला घाम फुटेल असं तर अजिबातच नाही.

पण आधी थोडा इतिहास. बाबा अस्सल पुणेकर. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू झाली आणि लोक विरोध करायला रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबा मोर्चाला गेले नाहीत, पण त्या बातम्या आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांची कारणं ठरलेली. गावात तीसच्या वर गाडी जातच नाही. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मान दुखते. आणि शेवटचा हुकमी एक्का, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय, एकदा तरी पडलोय का?" कायदा १९८८ चा आहे वगैरे सांगून काही उपयोग नसतो. एरवी कोपरात आणि पोलीस दिसला की डोक्यावर, ही आपली सर्वमान्य तडजोड. जगातलं सर्वात सुरक्षित कोपर पुणेकराचं असणार :)

अर्थात मला हसायचा हक्क नाही. प्रत्येकाची आपापली तऱ्हा असते. माझ्या टीममधल्या एकाला फुल फेसमध्ये गुदमरतं म्हणून तो अर्धं हेल्मेट घालतो. एक जण केस बसतात म्हणून सोमवारी (क्लायंट कॉल, व्हिडिओ चालू) घालतच नाही. एक मैत्रीण आधी स्कार्फ बांधते आणि त्यावर मावावं म्हणून एक साइज मोठं घेते. माझी तऱ्हा अशी की हेल्मेट चांगल्यातलं, फुल फेस, पण पट्टा लावायचा नाही. कोथरूड ते हिंजवडी रोजचंच, कोण हनुवटीखाली चाचपडत बसणार?

मागच्या जुलैमध्ये वाकडच्या सर्व्हिस रोडवर पडलो. वेग पंचवीसच्या आसपास असेल. पाऊस, खडी, ब्रेक, आणि पुढच्या क्षणी डोकं दुभाजकावर. खाड्कन आवाज झाला तो अजून आठवतो. त्या दिवशी पट्टा लावलेला होता, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. रेनकोटची टोपी उडत होती, ती आत दाबून वरून पट्टा आवळला होता, इतकंच. डोक्याला काही झालं नाही. कोपर मात्र चांगलंच सोलवटलं, कारण हेल्मेट नेमकं तिथे नव्हतं.

मी नवीन हेल्मेट घेतलं आणि जुनं चपलांच्या कपाटावर पडून राहिलं. एकदा बाबा ते हातात घेऊन उजव्या बाजूच्या ओरखड्यावरून बोट फिरवताना दिसले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला निघाले ते हेल्मेट घालून! पट्टासुद्धा लावून!! आई माझ्याकडे बघतच राहिली.

आता गोची अशी, की ते हेल्मेट मेलेलं आहे. वरचं कवच टणक असतं, पण खरं काम आतला थर करतो. ते एक्सपांडेड पॉलिस्टायरिन, म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. आपटल्यावर ते स्वतः चेपतं आणि धक्का खातं. एकदा चेपलं की पूर्ववत होत नाही, आणि बाहेरून बघून ते कळतंच असं नाही. आमच्या भाषेत, स्क्रीन झकास दिसतेय पण मागचा सर्व्हर बंद.

हे मला माहीत होतं. तरी मी दोन आठवडे गप्प बसलो. कारण सरळ आहे. "बघ, शेवटी हेल्मेटचा काही उपयोग नाहीच" म्हणून बाबा पुन्हा उघड्या डोक्याने फिरायला लागले असते. आणि त्या दोन आठवड्यांत ते रोज पौड रोडवर माझ्या भरवशावर फिरत होते.

शनिवारी मात्र सांगितलं. तयारीही करून ठेवली होती. ऐकू येत नाही या मुद्द्यावर अमेरिकेतला हॅरी हर्टचा १९८१ चा अहवाल काढला. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. हेल्मेटमुळे महत्त्वाचे आवाज ऐकू आले नाहीत किंवा दिसायला अडचण झाली, असं त्यात आढळलं नाही. बाबांवर ढिम्म परिणाम नाही. मग त्यांचा आवडता 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' काढला. तो सिनेमा सुरूच होतो मोटारसायकलच्या अपघाताने. खरा लॉरेन्स १९३५ साली तसाच गेला, डोक्याला मार लागून. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला.

बाबा म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण हे खराब आहे हे तुला कधीपासून माहीत होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते देताना मी चपलांकडे बघत होतो.

बाबांनी शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल." नाना पेठेत गेलो. वाटेत फूटपाथवरची स्वस्तातली हेल्मेट बघून ते रेंगाळले, पण १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे म्हटल्यावर पुढे निघाले. दुकानात त्यांनी चार साइज घालून पाहिल्या. "गाल दाबले जातायत." "काका, नवीन असताना दाबलेच पाहिजेत," दुकानदार म्हणाला, "सैल असेल तर ऐन वेळी फिरतं." मान हलवून, आरशात डावीउजवीकडे बघून, घासाघीस करून एक पांढरं घेतलं. मग बाबांनी कात्री मागून घेतली आणि जुन्याचा पट्टा स्वतः कापला, उगाच कोणी उचलून घालायला नको म्हणून.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि हिच्यासाठी?" मागे बसणाऱ्यालाही कायदा तोच आहे. पण माप घेतल्याशिवाय देणार नाही म्हणाला दुकानदार. येत्या रविवारी आईला घेऊन जायचंय. तिची पहिली अट आत्ताच आली आहे, अंबाडा मोडता कामा नये.