आरएसएचा आग्रह मी का सोडला

डिजिटल सहीच्या टोकनच्या तक्रारी सोडवणं हे माझं रोजचं काम. करसल्लागार येतात, सरकारी निविदा भरणारे ठेकेदार येतात. टोकन लावलं, त्याचा दिवाही लागला, पण ब्राउझर सर्टिफिकेटच दाखवत नाही! ते सर्टिफिकेट एलिप्टिक कर्व्हचं, म्हणजे ईसीसीचं निघालं, की माझं उत्तर ठरलेलं असे: हे सोडा, आरएसए घ्या. आरएसए 1977 पासूनचं, पारखून घेतलेलं. उलट ड्युअल ईसी या कर्व्हवर आधारलेल्या, यादृच्छिक संख्या बनवण्याच्या पद्धतीत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने चोरवाट ठेवल्याची चर्चा 2013 मध्ये पेटली, तेव्हापासून कर्व्हचं नाव निघालं तरी मी सावध होई.

माझं मत बदललं ते एस्टोनियामुळे. 2017 मध्ये ब्रनोच्या मसारिक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की इन्फिनिऑनच्या चिपमधली लायब्ररी आरएसएसाठी मूळ संख्या ठरावीक साच्यातल्याच निवडते. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणं त्यामुळे आवाक्यात आलं. एस्टोनियाची साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रं या तडाख्यात सापडली. नोव्हेंबरात सरकारने त्यांची सर्टिफिकेटं स्थगित केली आणि त्याच कार्डांवर नवी दिली, ती ईसीसीची. आरएसएचं गणित शाबूत होतं, किल्ली घडवणारा कोड कच्चा होता. ड्युअल ईसीचा संशयही कर्व्हच्या गणितावर नव्हता, त्यात वापरलेले बिंदू कुणी आणि कसे निवडले यावर होता.

मग ब्राउझरच्या तक्रारीही मी याच नजरेने तपासू लागलो. विंडोजवर क्रोम सर्टिफिकेट घेतो ते विंडोजच्या साठ्यातून. टोकनचा ड्रायव्हर सीएसपी या विंडोजच्या जुन्या वळणाचा असला, तर ईसीसीची किल्ली तिथवर पोचतच नाही. त्यासाठी केएसपी हा नव्या वळणाचा ड्रायव्हर किंवा मिनीड्रायव्हर लागतो. फायरफॉक्ससाठी पीकेसीएस 11 मोड्यूल, म्हणजे टोकनशी बोलणारी लायब्ररी, तपासावं. ओपनएससीच्या टूलने त्याच्या मेकॅनिझमची यादी काढली, की बरेचदा तिथेच उलगडा होतो: आरएसएच्या ओळी भरपूर, ईसीडीएसएची, म्हणजे ईसीसीच्या सहीची, एकही नाही. किल्ली टोकनात सुखरूप असते, तिच्यापर्यंत जायला वाटच नसते.

आता मी ईसीसीच सुचवतो. पी-256 या कर्व्हची 256 बिटांची किल्ली 3072 बिटांच्या आरएसएच्या तोडीची. सही जेमतेम 64 बाइटची, 2048 बिटांच्या आरएसएची 256 बाइटची. मात्र जिथे सही करायची ते पोर्टल ईसीसी स्वीकारतं का, हे आधी विचारून घ्या.

आणि सर्टिफिकेट दिसत नाही म्हणून कुणी टोकन इनिशियलाइज करायला सांगितलं, तर कृपा करून करू नका. आतली खासगी किल्ली पुसली जाते, ती कुणालाच परत आणता येत नाही, आणि सर्टिफिकेट नव्याने काढावं लागतं. आधी ड्रायव्हर बदलून बघा.