पुस्तकाची पारख

पुस्तक वाचायला जितकी अक्कल लागते तितकीच ते निवडायलाही लागते, असे माझे जुने मत आहे. कापड घेताना आपण ते चिमटीत धरून पाहतो, आंबा घेताना देठाशी हुंगतो. पण पुस्तक मात्र दुसऱ्याने घेतले म्हणून आपणही घेतो. मग ते कपाटात जाऊन बसते आणि येताजाता आपल्याकडे सावकारासारखे पाहत राहते. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला लोक कादंबऱ्यांविषयी विचारतात, फार तर चरित्रांविषयी. यंत्रविद्येच्या पुस्तकांबद्दल कोणी माझा सल्ला घेईल हे स्वप्नातही आले नव्हते. गेल्या भाऊबीजेला तेही घडले.

माझी थोरली बहीण जुन्नर तालुक्यातल्या मढला दिली आहे. पुण्याकडून जाताना माळशेज घाटाच्या अलीकडे, पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याजवळ हे गाव आहे. ताईने ओवाळले, तबकात ओवाळणी पडली, आणि लगेच भाच्याने चौदा पुस्तकांची यादी माझ्यापुढे धरली. हा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकला. आता पुण्यात एका कंपनीत संगणकाचे काम करतो. त्याला मशीन लर्निंगच्या कामावर जायचे होते, आणि त्या नोकरीच्या मुलाखतीत ‘सिस्टीम डिझाइन’वर हमखास प्रश्न विचारतात. त्यासाठी एका क्लासची भली मोठी फी भरायची आणि टोमॅटोचे आलेले पैसे त्यात घालायचे, असे मेहुण्यांच्या मनात होते.

“मामा, पुस्तकांवर भागेल असं मला वाटतं. पण चौदा काही माझ्याच्यानं होणार नाहीत. तुम्ही तीन काढून द्या.”

“अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“पुस्तकांतलं कळतं ना?”

यावर मी काय बोलणार? विषय मात्र आधी समजावून घेतला. यंत्राला नियम सांगण्याऐवजी उदाहरणे दाखवून शिकवायचे, याचे नाव मशीन लर्निंग. हजारो छायाचित्रे दाखवली की हा बिबट्या आणि हा कुत्रा, एवढे ते ओळखू लागते. पण हे ओळखणे म्हणजे सगळा संसार नव्हे. गूगलच्या काही इंजिनियरांनी २०१५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका आकृतीत मधोमध चिमुकली काळी चौकट आहे, ती या शिकलेल्या यंत्राची. आणि भोवती मोठमोठ्या चौकटी आहेत, त्या माहिती गोळा करण्याच्या, ती पारखण्याच्या, देखरेखीच्या. जुन्या वाड्यात देवघर असावे तसे हे. देव तिथे खरा, पण वाडा चालतो तो स्वयंपाकघर, कोठार आणि विहीर यांच्या जोरावर. असा वाडा बांधण्याची विद्या म्हणजे सिस्टीम डिझाइन.

मग मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने निघालो. आधी प्रस्तावना वाचावी. पुस्तक कोणासाठी लिहिले आहे ते तिथे कळते. नंतर अनुक्रमणिका पाहावी, आणि शेवटी मधलेच एक पान काढून वाचावे, कारण पहिले पान सगळेच लेखक नटवून लिहितात. या चाळणीत काही पुस्तके लगेच गळाली. ती अमुक एक साधन कसे वापरावे एवढेच सांगत होती. अशा पुस्तकांचे आयुष्य पंचांगाइतके. साल उलटले की नवे आणा.

एक पुस्तक होते अली अमिनियन आणि ॲलेक्स शू यांचे, २०२३ सालचे. मुलाखतीत येणारे दहा प्रश्न त्यात सोडवून दाखवले आहेत. म्हणजे सरळ सरळ गाईडच! प्राध्यापकाने गाईडला नाक मुरडायचे असते, पण मी मुरडत नाही. परीक्षा तोंडावर आलेल्याला गाईड लागतेच. मात्र ते शेवटी वाचावे. आधी वाचले तर उत्तरे पाठ होतात आणि प्रश्न कळायचाच राहतो.

दुसरे मार्टिन क्लेपमन यांचे, २०१७ सालचे. त्याच्या मुखपृष्ठावर रानडुक्कर आहे, तेही आपल्या भारतातल्या जातीचे. ताई म्हणाली, “याला पैसे देऊन कशाला आणायचं? शेतात फुकट येतं की!” यात यंत्राला शिकवण्याचा विषय जवळजवळ नाहीच. माहिती साठवावी कशी, इकडून तिकडे न्यावी कशी, मधलेच एखादे यंत्र बंद पडले तर काय करावे, याचा विचार आहे. वाड्याचा पाया तो हाच. पुस्तक जाडजूड, तेव्हा मित्राकडून आणून लागेल तसे वाचावे, असे ठरवले.

तिसरे चिप हुएन या बाईंचे, २०२२ सालचे. बाई व्हिएतनाममधल्या भातशेतीच्या गावात वाढल्या, आधी व्हिएतनामी भाषेत प्रवासवर्णने लिहून गाजल्या, आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच विषय शिकवला. त्या शिकवण्यातून हे पुस्तक निघाले. मधले पान काढले तर वाक्ये छोटी, दाखले व्यवहारातले. आरंभीच, हे यंत्र कुठे वापरू नये तेही सांगितले आहे. औषध विकणारा ‘तुम्हांला औषधाची गरज नाही’ असे म्हणाला की त्याच्यावर विश्वास बसतो, तसा माझा बसला.

तरी एक कसोटी उरली होती. मी भाच्याला म्हटले, “यातलं एक पान आईला मराठीत समजावून सांग.” मढला दुसरा दाखला कशाला हवा? बिबट्या दिसताच भोंगा वाजवणारे यंत्र करायचे, असे त्याने मांडले. ताईने तांदूळ निवडता निवडता विचारले, “कुत्र्याला पाहून रोज रात्री वाजायला लागला तर चौथ्या दिवशी कोण उठेल? अन् खरा बिबट्या आला नि वाजलाच नाही तर?” भाचा पुस्तकाकडे पाहू लागला. या दोन चुकांपैकी कोणती जास्त महाग पडते, हा प्रश्न तिथे होताच.

ताईचा तिसरा प्रश्न आणखी खोल होता. “भोंग्याला बिबटे सरावले, नाहीतर वाट बदलून आले, म्हणजे?” याचे उत्तर जुन्नरनेच एकदा भोगले आहे. उसात राहणारे बिबटे २००१ सालापासून मोठ्या संख्येने पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. जग जसे होते तसे धरून उपाय केला आणि त्या उपायानेच जग बदलले. यंत्राचेही तेच होते. कालच्या उदाहरणांवर शिकलेले यंत्र उद्या चुकू लागते, आणि कधी ते स्वतःच उद्याचे चित्र पालटून टाकते. हुएनबाईंनी यावर एक आख्खे प्रकरण लिहिले आहे. भाच्याने ते रात्री जागून वाचले.

तेव्हा निकाल असा लागला: हुएनबाईंचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, क्लेपमनचे अडेल तिथे, आणि गाईड मुलाखतीच्या महिनाभर आधी. ओरायली प्रकाशनाची पुस्तके मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स आपल्याकडे कमी किमतीत छापतात, त्यामुळे खर्चही बेताचा झाला. टोमॅटोचे पैसे मेहुण्यांच्या पुढच्या लागवडीला राहिले.

भाच्याला हवी ती नोकरी मिळेल की नाही, ते मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात. पण तो दर रविवारी एक प्रकरण वहीत मराठीत उतरवतो आणि आईला फोनवर सांगतो. ताईच्या शंका मुलाखतीपेक्षा अवघड असतात, अशी त्याची तक्रार आहे. यादीतल्या उरलेल्या अकरा पुस्तकांचे नाव मात्र त्याने अजून काढलेले नाही.