बसवणं आणि उठवणं

आमच्या भागात 'बसवणं' हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात, आणि सुगी उरकली की धनगराच्या मेंढ्या रानात बसवतात. रात्रभरात लेंडी-मूत जमिनीला मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. मी घरामागच्या आठ गुंठ्यांत चौदा गावरान कोंबड्या सोडल्या तेव्हा डोक्यात हाच हिशेब होता. त्या चरतील, विष्ठा पडेल, जमीन सुधारेल. एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नव्हती. धनगर सकाळी मेंढ्या उठवून नेतो.

पुरंदरातली ही जागा म्हणजे निव्वळ मुरूम. पहार मारली की ठणकन वाजते. वीतभर खाली कच्चा खडक, मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. पहिल्या जूनमध्ये मी हौसेनं लसूणघास पेरला. उगवला, बोटभर झाला आणि केवडा पडला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. त्याला खोल, निचऱ्याची माती लागते आणि पेरायचा असतो थंडीच्या तोंडाशी. शेजारच्या आक्का बांधावरून म्हणाल्या, "पोरी, हे हुलग्याचं रान. ह्याच्याकडं घास कुठला मागतीस?"

केवड्याला माझाही हातभार होता. खुराड्यात गादी पद्धत. खाली भाताचं तूस, आणि त्यानं ओल धरू नये म्हणून वर चुन्याची फक्की. तीच गादी मी ताजी ताजी रानात ओतत होते. आधीच चुनखडीची जमीन, तिला वरून चुना! अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. माती तपासून आणली तर सामू 8.3 आणि सेंद्रिय कर्ब 0.3 टक्के. शिवाय कोंबडीची ताजी विष्ठा फार गरम. जिथं जाड पडली तिथली रोपं करपली. आता चुना बंद. तूस कुजता कुजत नाही म्हणून त्याच्या जागी वाळका पाला आणि शेंगांची टरफलं. गादी रोज दाताळ्यानं हलवते, आणि बाहेर काढली की ढीग लावून, पाणी मारून, पलटत चार महिने मुरू देते.

तळ्यातला गाळही आणला, दोनच ट्रॉल्या. जास्त ओढायचा मोह होता, पण गाळाचा जाड थर उन्हात पाटासारखा बसतो आणि भेगाळतो. पातळ पसरला, मुरमात मिसळू दिला. मग श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून पसरलेली मिश्र बियाण्यांची रीत धरली. हुलगा, मटकी, चवळी, बाजरी, राजगिरा, तीळ, मेथी, ताग, सगळं एकत्र फोकलं. सहा आठवड्यांनी, ताग फुलायच्या आत, कापून तिथंच आडवं केलं. खणलं नाही. पहिल्या पिकाचं एक पानही कोंबड्यांना दिलं नाही. त्या जाळीमागून बघत राहिल्या आणि मला अपराध्यासारखं वाटत राहिलं.

दुसरं पीक वीतभर झालं तेव्हा राहवलं नाही, सोडल्या. दोन दुपारींत सगळं उखडलं. शेळी वरून तोडते. कोंबडी चोचीनं एक टोचते आणि पायांनी दहा उकरते. तिला पानापेक्षा पानाखालचा किडा जास्त हवा असतो. बसवणं सोपं होतं, गोची होती ती उठवण्यात. रानाचे सहा वाफे केले आणि जुन्या साड्यांचं कुंपण लावलं. पाहुणे हसतात, पण वाफ्यांना आपोआप नावं पडली: मोरपंखी, डाळिंबी, जरीची. कोवळ्या वाफ्यात बाजेसारख्या लाकडी चौकटी ठेवते, चार बोटं उंच, वर ताणलेली जाळी. जाळीतून वर येईल तेवढंच चोचीला मिळतं, मुळं शाबूत राहतात.

आणि उठवायचं कधी? दिवस मोजून जमत नाही. मातीचा रंग दिसू लागला की उठवायचं. कोंबडीनं धुळीत अंघोळीला खळगा केला असेल तर तुम्ही एक दिवस उशीर केलात. श्रावणात वाफा तीन आठवड्यांत भरून येतो. चैत्रात येतच नाही. तेव्हा सरळ कोंडून, कापलेला शेवग्याचा पाला टांगते.

गंमत म्हणजे पेरलेल्यापेक्षा न पेरलेलं त्यांना जास्त आवडलं. ओल टिकू लागली तसे केना, घोळ, तांदुळजा आपणहून आले. मी ते उपटत होते, आक्कांनी हात धरला. कोंबड्यांची पसंती ठरलेली आहे: आधी घोळ, मग केना, मग चवळीचा शेंडा. वीतभराच्या वर गेलेल्या गवताला त्या तोंड लावत नाहीत, आणि लावलं तर लांब धागे गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात. म्हणून विळा हवाच. एवढं करून दाणा सुटत नाही. चराईवर कोंबडी फुकट जगते असं सांगणाऱ्यानं कधी संध्याकाळी तिची पिशवी चाचपलेली नसते. बाजरी-मक्याचा भरडा आजही द्यावा लागतो, थोडा कमी, एवढंच. बलक मात्र झेंडूसारखा झाला आहे.

परवा मोरपंखी वाफा उठवायची पाळी होती. तेरा उठवल्या. चौदावी, तांबडी, सापडेना. ती सगळ्यात दाट चवळीच्या बुडाशी बसली होती, फुगून, कुरकुरत, पोटाखाली नऊ अंडी. चोरून कधी घातली कोण जाणे! हात घातला तर चोच मारली. आक्कांना विचारायला गेले नाही. तिच्यावर डालगं पालथं घातलं, मुंगसासाठी वर दगड ठेवला. रोज सकाळी दाण्यापाण्याला ते उचलते. त्या कोपऱ्याला एकवीस दिवस विळा लागणार नाही.