ताबा सुटला म्हणजे नक्की काय झालं?

अपघाताची बातमी लिहायला मला पाच मिनिटं लागतात. ठाण्याला फोन, मृतांची नावं, गाडीचा नंबर, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.' पदविकेच्या वर्गात हे कुणी शिकवलं नव्हतं. हाताला आपोआप वळण पडलं.

गेल्या वर्षी अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर वाहिन्यांवर वैमानिकांविषयी जे चाललं, ते तुम्हीही पाहिलंत. तेव्हापासून मला जुने विमान अपघात वाचायचा नाद लागला. वाचता वाचता एक फ्रेंच विमान भेटलं. नाव लांगदॉक.

चार इंजिनांचं, शेपटीखाली चाक असलेलं विमान. मूळ आराखडा मार्सेल ब्लॉक यांच्या कंपनीचा. हेच ब्लॉक पुढे दासो झाले, आपल्या राफेलवाल्या कंपनीचे संस्थापक. पहिलं विमान 1939 मध्ये उडालं, आणि लगेच जर्मन फ्रान्समध्ये घुसले. काम रखडलं ते थेट 1945 पर्यंत. युद्धातून बाहेर पडलेल्या देशाला स्वतःचं प्रवासी विमान हवं होतं, म्हणून सहा वर्षांपूर्वीचा आराखडा उचलून ते आकाशात आणलं. 1946 मध्ये एअर फ्रान्सने सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी विमानं परत जमिनीवर आणावी लागली. लँडिंग गिअरच्या तक्रारी, कॉकपिटमधून बाहेरचं धड न दिसणं, थंडीत पंखांवर धरणाऱ्या बर्फाचा बंदोबस्त नाही. मग अमेरिकन इंजिनं बसवून पुढच्या वर्षी पुन्हा उड्डाण. अशी शंभर विमानं बनली. (देशी म्हणून आपण काय काय चालवून घेतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

3 मार्च 1952. नीसहून पॅरिसकडे निघालेलं लांगदॉक उड्डाणानंतर लगेच कोसळलं. 38 माणसं होती, एकही वाचलं नाही. आमच्या भाषेत, वैमानिकाचा ताबा सुटला.

खोटं नाही ते. पण कारण निघालं वेगळंच. एलेरॉनचं कंट्रोल अडकलं होतं. एलेरॉन म्हणजे दोन्ही पंखांच्या टोकांकडच्या हलत्या फळ्या. वैमानिकाने चाक फिरवलं की एकीकडची वर जाते, दुसरीकडची खाली. विमान कलतं आणि वळतं. त्या अडकल्या की कललेलं विमान सरळ करायला हातात काही उरत नाही. त्यात जमीन जवळ. ताबा सुटला नव्हता हो, ताबा ठेवायचं साधनच अडकलं होतं.

हे वाचलं आणि एक बाई आठवल्या.

बरीच वर्षं झाली. घाटात टेम्पो उलटला, चालक जागीच गेला. मी ते वाक्य लिहिलं. काही महिन्यांनी त्याची बायको कार्यालयात आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या बातमीचं कात्रण. म्हणाली, "दादा, तुम्ही होता का तिथं?"

मी नाही म्हणालो.

"मग ताबा सुटला कुणी सांगितलं? हे आठ दिवस मालकाला सांगत होते, ब्रेक लागत नाही म्हणून. मालक म्हणाले, एवढी खेप करून ये, मग बघू. आता तेच मालक तुमचा पेपर दाखवतात. म्हणतात, चूक तुझ्या नवऱ्याची."

मी चहा मागवला. तिने घेतला नाही. बघतो म्हणालो. खरं सांगायचं तर बघितलं नाही. टेम्पोची तपासणी झाली का, ब्रेकबद्दल अहवालात काय आलं, एक फोन लागला असता. मालक आमच्या पेपरला दिवाळी अंकाची जाहिरात द्यायचा, हेही लिहून टाकतो.

परवा बायपासवर पिकअप उलटली. चालक विशीतला पोरगा होता. या वेळी मी लिहिलं, 'अपघाताचे नेमके कारण समजू शकले नाही, वाहनाची तांत्रिक तपासणी बाकी आहे.' रात्री डेस्कवरून फोन आला, "कारण राहिलंय तुमचं." म्हटलं, राहिलेलं नाही, माहीतच नाही अजून.

सकाळी पेपर उघडला. पान तीनवर बातमी आहे. शेवटची ओळ त्यांनी घातलीय.